नाव ठेवणं आणि नावं ठेवणं : युद्धोत्तर अमेरिकी बातम्यांतल्या सहा एलिझाबेथ



मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत एका अनुस्वाराचा फरक आहे. पहिलं बारशाच्या दिवशी होतं, दुसरं त्यानंतर आयुष्यभर चालू राहतं. (हशा) वृत्तपत्रं ही दोन्ही कामं एकाच दमात करतात, असं मला वाटतं. एखादं माणूस बातमीत आलं की त्याचा उल्लेख कसा करायचा हे ठरवावंच लागतं. आडनावाने, नुसत्या नावाने, लाडक्या नावाने, की कोणीतरी चिकटवलेल्या बिरुदाने? ते ठरवतानाच त्या माणसाची पायरीही ठरून जाते. बातमीतली माहिती आपण तपासतो, पण पायरी तपासत नाही. ती न वाचताच गळी उतरते.

आज मी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेतली सहा माणसं घेतली आहेत. सहाही स्त्रिया, सहाही जणींचं पहिलं नाव एलिझाबेथ, आणि सहाही १९४७ ते १९६४ या काळात अमेरिकी वृत्तपत्रांत गाजलेल्या. यात कसलाही गूढ योगायोग नाही, हे आधीच सांगते. एलिझाबेथ हे नाव अमेरिकेत इतकं सर्रास आहे की सहाच काय, सहाशेही सापडतील. माझा हेतू साधा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण एक गोष्ट कायम ठेवायचो आणि बाकीचं काय बदलतं ते बघायचो. इथे नाव कायम ठेवू आणि वागणूक कशी बदलते ते पाहू.

एलिझाबेथच का? कारण या नावाला विशिष्ट पिढी नाही. १९४७ साली अमेरिकेत मुलींच्या नावांत 'लिंडा'ने 'मेरी'ला मागे टाकलं. लिंडा म्हटलं की त्या काळात जन्मलेली मुलगी डोळ्यांपुढे येते. शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या १९५४च्या निकालाशी जिचं नाव जोडलं गेलं ती मुलगीही लिंडाच, लिंडा ब्राउन. एलिझाबेथ मात्र आजीचंही नाव आणि नातीचंही. राणीचं आणि मोलकरणीचंही. कॅथलिकांत चालतं, प्रोटेस्टंटांत चालतं, गोऱ्यांत चालतं, काळ्यांत चालतं. नावावरून माणूस ओळखता येत नाही, म्हणूनच नावाभोवती जे काही लावलं जातं ते उठून दिसतं.

आता आपल्या भाषेची एक अडचण. इंग्रजीत 'शी' म्हटलं की काम भागतं. मराठीत मला प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं : ती आली, की त्या आल्या? आपण वर्तमानपत्रं वाचतो तेव्हा हे रोज घडत असतं. मंत्रीण 'त्या' असते, घरकामाला जाणारी बाई 'ती' असते. आरोपी पकडला गेला की तो 'तो' होतो, खटल्याचा निकाल लागायच्या आधीच. 'एकेरीवर येणं' हा वाक्प्रचार आपल्याकडे भांडणासाठी आहे, पण बातमीत आपण भांडण नसतानाही एकेरीवर येतो. म्हणून आज मी सहाही जणींना 'त्या' म्हणणार आहे. त्यांत एक पंधरा वर्षांची मुलगी आहे, तिलाही. कानाला खटकेल. खटकू दे. कुठे खटकतं आणि कुठे खटकत नाही, एवढं मनात टिपून ठेवा.

पहिल्या एलिझाबेथ शॉर्ट. वय बावीस. मूळच्या मॅसॅच्युसेट्समधल्या. १५ जानेवारी १९४७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये एका मोकळ्या प्लॉटवर त्यांचा मृतदेह सापडला. खून भयानक होता, त्याचं वर्णन मी करणार नाही. ते वर्णन पुरेसं विकलं गेलं आहे. ओळख कशी पटली, ते महत्त्वाचं आहे. लॉस एंजेलिस एक्झामिनर या वृत्तपत्राकडे तारेवरून छायाचित्रं पाठवणारं यंत्र होतं. त्यावरून बोटांचे ठसे वॉशिंग्टनला एफबीआयकडे गेले आणि नाव मिळालं. युद्धकाळात त्यांनी एका लष्करी तळावर नोकरीसाठी अर्ज केला होता, म्हणून ठसे दप्तरी होते. म्हणजे नाव परत मिळवून द्यायला एका वृत्तपत्राची मदत झाली.

आणि त्याच वृत्तपत्राच्या माणसांनी पुढे काय केलं? या प्रकरणाच्या इतिहासांत ही गोष्ट वारंवार येते. बातमीदाराने आईला फोन केला आणि सांगितलं, तुमची मुलगी सौंदर्यस्पर्धा जिंकली आहे, तिच्याबद्दल काही सांगा. आईने आनंदाने सगळं सांगितलं. माहिती काढून झाल्यावर मग कळवलं की मुलगी गेली.

पुढच्या काही दिवसांत नावही गेलं. आदल्या वर्षी, १९४६ साली, 'द ब्लू डेलिया' नावाचा रहस्यपट आला होता. त्यावरून 'ब्लॅक डेलिया' हे बिरुद चिकटलं. आज जगभर लोकांना ब्लॅक डेलिया माहीत आहे, एलिझाबेथ शॉर्ट फार थोड्यांना. १९८७ साली त्या नावाची कादंबरी आली, २००६ साली सिनेमा आला. खुनी कधीच सापडला नाही. बिरुद काय करतं ते इथे स्वच्छ दिसतं. बिरुदाला आई नसते. 'एलिझाबेथ शॉर्ट यांच्या शरीराचे तुकडे' असं लिहायला हात थोडा तरी थांबेल, 'ब्लॅक डेलियाचं रहस्य' लिहायला थांबत नाही.

दुसऱ्या एलिझाबेथ बेंटली. कनेटिकटमध्ये १९०८ साली जन्म, व्हॅसर कॉलेजच्या पदवीधर, १९३५ साली कम्युनिस्ट पक्षात दाखल. पुढे सोव्हिएत हेरयंत्रणेसाठी निरोप आणि कागदपत्रं पोहोचवण्याचं काम त्यांनी केलं. १९४५ साली त्या स्वतःहून एफबीआयकडे गेल्या. जुलै १९४८मध्ये न्यूयॉर्क वर्ल्ड-टेलिग्रामने ही कहाणी छापली तेव्हा नाव दिलंच नव्हतं. नावाच्या जागी होती एक देखणी, सोनेरी केसांची 'हेरांची राणी'. मग ३१ जुलैला त्या काँग्रेसच्या समितीपुढे साक्षीला आल्या. लोकांनी पाहिलं तर चाळिशीतल्या बाई, काळसर तपकिरी केसांच्या, शिक्षिकेसारख्या दिसणाऱ्या.

इथे क्रम बघा. शॉर्ट यांच्या बाबतीत नाव आधी मिळालं आणि बिरुदाने ते गिळलं. बेंटली यांच्या बाबतीत बिरुद आधी आलं, आणि माणसाने त्या बिरुदाच्या मापात बसावं अशी अपेक्षा झाली. त्या बसल्या नाहीत, तेव्हा हसं त्यांचं झालं, बिरुद देणाऱ्याचं नाही. त्यांच्यावर शंका घेणाऱ्यांत सुज्ञ माणसंही होती. बेंटली यांनी काही गोष्टी फुगवून सांगितल्या, हे खरंच आहे. पण १९९५ साली अमेरिकी सरकारने व्हेनोना प्रकल्पातले उलगडलेले सोव्हिएत संदेश खुले केले आणि त्यांच्या सांगण्याचा गाभा बऱ्याच अंशी खरा ठरला. त्या १९६३ सालीच वारल्या होत्या. गंमत अशी की त्या संदेशांत मॉस्कोने त्यांना ठेवलेलं गुप्त नावही आहे : 'उमनित्सा'. म्हणजे हुशार पोरगी, शहाणी बाळ. एका महासत्तेने शहाणी बाळ म्हटलं, दुसरीने सोनेरी राणी. आडनावाने गंभीरपणे बोलवावं असं दोन्ही बाजूंना वाटलं नाही.

तिसऱ्या एलिझाबेथ गर्ली फ्लिन. या सगळ्यांत वयाने मोठ्या, जन्म १८९०. सोळाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या चौकांत समाजवादावर भाषणं द्यायच्या. कादंबरीकार थिओडोर ड्रायझर यांनी तेव्हाच त्यांना 'ईस्ट साइडची जोन ऑफ आर्क' म्हटलं. १९१५ साली जो हिल यांनी त्यांना समोर ठेवून 'रिबेल गर्ल' हे गाणं लिहिलं, आणि 'बंडखोर पोर' हे नाव कायमचं लागलं. १९२० साली अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन स्थापन करणाऱ्यांत त्या होत्या. त्याच संघटनेने १९४० साली, त्या कम्युनिस्ट म्हणून, त्यांना कार्यकारी मंडळातून काढलं. १९५१ साली स्मिथ कायद्याखाली अटक झाली. खटल्यात त्यांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली. जानेवारी १९५५ ते मे १९५७ त्या वेस्ट व्हर्जिनियातल्या आल्डरसनच्या स्त्रियांच्या तुरुंगात होत्या.

साठी ओलांडलेल्या या बाई 'गर्ल' राहिल्या. इथे मात्र बिरुद देणारे शत्रू नव्हते, आपलेच होते. प्रेमाने दिलेलं नावही माणसाला एका वयात गोठवून ठेवतं. चळवळीतल्या बायकांना आपल्याकडेही हा अनुभव आहे. तरुणपणी 'रणरागिणी' झालं की म्हातारपणी त्यांच्या अर्थशास्त्राबद्दल कोणी विचारत नाही.

पण फ्लिन यांच्या नावात एक गोष्ट आहे, जी आपल्याला चटकन कळेल. आपलं नाव तीन पदरी असतं : स्वतःचं, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. फ्लिन यांचंही तीन पदरी आहे, पण मधलं 'गर्ली' हे आईचं माहेरचं आडनाव. १९०८ साली त्यांनी जॉन्स नावाच्या गृहस्थाशी लग्न केलं, तरी नाव फ्लिनच ठेवलं. पत्रकारांना त्यांचं नाव लांबच्या लांब छापावं लागायचं. या सहा जणींत आपलं नाव आपल्या अटीवर छापून घेण्यात सगळ्यांत यशस्वी झाल्या त्या तुरुंगात गेलेल्या फ्लिन.

चौथ्या एलिझाबेथ सर्वांच्या ओळखीच्या. एलिझाबेथ टेलर. जन्म १९३२, लंडनमध्ये, आईवडील अमेरिकी. लहानपणापासून एमजीएम स्टुडिओच्या करारात. ६ मे १९५० रोजी त्यांचं पहिलं लग्न झालं. लग्नाचा पोशाख एमजीएमने भेट दिला, शिवला स्टुडिओच्याच वेशभूषाकार हेलन रोझ यांनी. पुढच्या महिन्यात 'फादर ऑफ द ब्राइड' हा त्यांचा सिनेमा आला, ज्यात त्या नवरी होत्या आणि वेशभूषा पुन्हा हेलन रोझ यांचीच. खरं लग्न कुठे संपलं आणि जाहिरात कुठे सुरू झाली, शोधत बसा.

टेलर यांना 'लिझ' हे नाव आवडायचं नाही. त्या हे बोलूनही दाखवायच्या. तरी मथळ्यांत त्या जन्मभर लिझच. का? याचं एक कारण अगदी छापखान्यातलं आहे. त्या काळात मथळा ओतीव अक्षरांत बसवायचा. स्तंभाची रुंदी ठरलेली, अक्षरं मोजून घ्यायची. इंग्रजीत एलिझाबेथला नऊ अक्षरं लागतात, लिझला तीन. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या आडनावाला दहा लागतात, म्हणून ते 'आइक'. तीन अक्षरांत बसेल ते नाव मथळ्याला प्यारं.

पण हे कारण अर्धंच आहे. आइक हे टोपणनाव आयझेनहॉवर यांनी स्वतः निवडणुकीत मिरवलं, त्यावर मतं मागितली. ते नाव त्यांचं भांडवल होतं. लिझ हे नाव टेलर यांचं भांडवल नव्हतं, बातमी विकणाऱ्याचं होतं. तिसरे पती माइक टॉड यांच्या खासगी विमानाचं नावही 'लकी लिझ' होतं. मार्च १९५८मध्ये न्यू मेक्सिकोत ते विमान कोसळून टॉड गेले. म्हणजे नको असलेलं नाव थेट त्या दुःखाच्या बातमीतही होतं. पुरुषाला छोटं नाव मिळालं की तो लोकांच्या जवळ येतो. बाईला छोटं नाव मिळालं की लोक तिच्या जवळ जातात, तिची परवानगी न घेता. ही दोन जवळिकी वेगळ्या आहेत.

आता उरल्या दोन एलिझाबेथ, आणि त्या मला एकत्रच सांगायच्या आहेत. कारण १९५७च्या शरदात, बरोबर सहा आठवड्यांच्या अंतराने, त्या दोघी अमेरिकी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर होत्या.

४ सप्टेंबर १९५७. आर्कान्सॉ राज्यातलं लिटल रॉक. सेंट्रल हायस्कूल ही गोऱ्यांची शाळा. न्यायालयाच्या आदेशानुसार नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथे प्रवेश घेणार होते. एलिझाबेथ एकफर्ड त्यांतल्या एक, वय पंधरा. स्थानिक चळवळीच्या नेत्या डेझी बेट्स यांनी सगळ्यांनी एकत्र जायचं ठरवलं, पण एकफर्ड यांच्या घरी टेलिफोन नव्हता. निरोप पोहोचला नाही. स्वतः शिवलेला नवा पोशाख घालून, वही छातीशी धरून त्या एकट्याच गेल्या. गव्हर्नर फॉबस यांनी उभ्या केलेल्या नॅशनल गार्डच्या शिपायांनी त्यांना अडवलं. मागे ओरडणारा जमाव. त्या क्षणाचं विल काउंट्स यांनी काढलेलं छायाचित्र जगभर गेलं. पुढे काळ्या चष्म्यातल्या एकफर्ड, मागे तोंड वासून ओरडणारी हेझल ब्रायन ही गोरी मुलगी.

२४ सप्टेंबरला आयझेनहॉवर यांनी सैन्य पाठवलं, २५ला ते नऊ जण शाळेत गेले. ४ ऑक्टोबरला स्पुटनिक आकाशात गेला. त्याच दिवशी एकफर्ड सोळा वर्षांच्या झाल्या. आणि १६ ऑक्टोबरला इंग्लंडच्या दुसऱ्या एलिझाबेथ राणी व्हर्जिनियात उतरल्या. जेम्सटाउनच्या इंग्रज वसाहतीला साडेतीनशे वर्षं झाल्याचा सोहळा होता. व्हर्जिनिया हे राज्याचं नावच मुळी पहिल्या एलिझाबेथ राणीवरून, तिच्या अविवाहितपणावरून ठेवलेलं. आणि त्याच व्हर्जिनियाचे राज्यकर्ते त्या वेळी शाळांतला वर्णभेद टिकवायला 'प्रचंड प्रतिकार' पुकारून बसले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या काही शाळा बंद ठेवल्या गेल्या, पण काळी मुलं आत घेतली नाहीत.

आता नावाकडे या. राणीला आडनाव लागत नाही. 'एलिझाबेथ' एवढं पुरतं. नुसतं पहिलं नाव हा तिथे मानाचा कळस आहे. आपल्याकडे विठोबाला कोणी 'आपण' म्हणत नाही, एकेरीतच हाक मारतो. देवाला एकेरी चालते, कारण त्याच्या मोठेपणाला धक्का लागणार नसतो.

आणि एकफर्ड? अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय स्त्रीलाही आडनाव लागत नसे. तिथल्या अनेक गोऱ्या वृत्तपत्रांत त्यांच्या नावामागे मिस किंवा मिसेस न लावण्याची रीत होती. गोरी बाई मिसेस अमुक, काळी बाई नुसती मेरी, नुसती डेझी. म्हातारी झाली की 'आंटी'. आपल्याला आंटी ऐकून बरं वाटतं, कारण आपल्याकडे नात्याचा शब्द मान देतो. तिथे तो मान टाळण्यासाठी होता. आणि आपल्याकडेही, खरं सांगा, दहा वर्षं घरी येणाऱ्या मावशींचं आडनाव किती जणांना माहीत असतं?

तर उतरंडीच्या सगळ्यात वरच्या टोकाला नुसतं पहिलं नाव आणि सगळ्यात खालच्या टोकालाही नुसतं पहिलं नाव. मधली पायरी, म्हणजे मिस आणि आडनाव, ही साधी नागरिकाची पायरी. राणीला त्या पायरीची गरज नव्हती. एकफर्ड यांना ती नाकारली जात होती. शाळेच्या दारातला झगडाही त्याच पायरीसाठी होता : ना देवी म्हणा, ना पोरगी म्हणा, विद्यार्थिनी म्हणून आत घ्या.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. आजच्या जाणिवा कालच्या वृत्तपत्रांवर लादणं बरं नव्हे, तेव्हा कोणाला हे खटकत होतं? खटकत होतं. डेझी बेट्स यांना १९५६ साली, याच शाळेच्या दाव्यातल्या जबानीत, विरुद्ध बाजूचे वकील 'डेझी' म्हणू लागले. बेट्स यांनी तिथल्या तिथे हरकत घेतली की पहिल्या नावाने मला जवळची माणसंच हाक मारतात. लक्षात घ्या, बेट्स स्वतः 'आर्कान्सॉ स्टेट प्रेस' हे वृत्तपत्र चालवत होत्या. नाव छापण्याचा व्यवहार त्यांना आतून ठाऊक होता.

त्याहून मोठं उदाहरण मेरी हॅमिल्टन यांचं. या एलिझाबेथ नव्हेत, पण त्यांच्याशिवाय हे व्याख्यान पुरं होणार नाही. 'कोअर' या नागरी हक्क संघटनेच्या त्या कार्यकर्त्या. १९६३ साली अलाबामातल्या गॅड्सडेनच्या न्यायालयात सरकारी वकिलाने त्यांना 'मेरी' म्हणून प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, नीट संबोधल्याशिवाय उत्तर देणार नाही. न्यायालयाचा अवमान म्हणून पाच दिवस कैद आणि पन्नास डॉलर दंड. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली, आणि त्यातला युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे : साक्षीदाराने आपलं नाव मेरी हॅमिल्टन असं सांगितलं होतं, मिस मेरी हॅमिल्टन असं नव्हे. (हशा) हसू येतं, पण या युक्तिवादावर माणूस तुरुंगात जातं. ३० मार्च १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. म्हणजे कोणाला कसं संबोधायचं हा देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. पहिल्या नावात ऊबही असते ना? चळवळीतली माणसं एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारत. मग आज एखादा लेखक एकफर्ड यांना प्रेमाने 'एलिझाबेथ' म्हणतो तेव्हा त्यालाही दोष द्यायचा का? २०११ साली डेव्हिड मार्गोलिक यांचं पुस्तक आलं, 'एलिझाबेथ अँड हेझल'. छायाचित्रातल्या त्या दोघींच्या पुढच्या आयुष्याचा मागोवा. हेझल यांनी काही वर्षांनी फोन करून माफी मागितली. १९९७ साली, चाळीस वर्षांनी, त्याच शाळेसमोर काउंट्स यांनीच दोघींचं एकत्र छायाचित्र काढलं. काही काळ मैत्री झाली, मग ती तुटली. पुस्तक कष्टाने लिहिलेलं आहे आणि ही तूट ते लपवत नाही. माझी तक्रार शीर्षकाशी आहे. दोन पहिली नावं, मध्ये 'आणि'. वाचताना वाटतं, दोन मैत्रिणी, दोन सारखी माणसं, दोघींच्या वाट्याला आलेलं एक दुर्दैव. पण त्या दिवशी एक जण चालत होती आणि दुसरी तिच्या मागे ओरडत होती. 'आणि' हा शब्द तराजूची दांडी होऊन बसतो. आडनावं घातली असती, 'एकफर्ड आणि ब्रायन', तर शीर्षक कोरडं झालं असतं, हे मान्य. पण कोरड्या शीर्षकाने समेटाचं आश्वासन तरी दिलं नसतं. पुस्तकाला जे सापडलं त्याच्याशी शीर्षक विसंगत आहे, आणि विसंगती निर्माण झाली ती पहिल्या नावांच्या उबेमुळे.

म्हणजे ऊब खोटी असते असं मी म्हणत नाही. ऊब कोणाच्या मालकीची आहे, हे विचारा असं म्हणते. बेट्स यांना घरचे 'डेझी' म्हणत, तेव्हा ती त्यांची ऊब होती. वकील म्हणाला, तेव्हा ती वकिलाची मुजोरी होती. शब्द तोच. टेलर यांना 'लिझ' म्हणणारा मथळा आणि फ्लिन यांना 'पोर' म्हणणारं गाणं यांतही हाच फरक तपासता येतो : त्या माणसाला नको म्हणायची सोय होती का, आणि तिने नको म्हटल्यावर ऐकलं गेलं का? शॉर्ट यांना तर नको म्हणायला जीवच उरला नव्हता. म्हणून मेलेल्यांच्या बाबतीत लिहिणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते.

या सहा जणींची दुःखं एका मापाची नाहीत, हेही स्पष्ट करते. नटीला न आवडणारं टोपणनाव आणि शाळकरी मुलीसमोरचा जमाव यांची बरोबरी होऊ शकत नाही. राणीवर तर कसलाच अन्याय नव्हता. नाव हे या गोष्टींचं कारणही नाही. नाव ही मोजपट्टी आहे. ती सहाही ठिकाणी लावून बघितली, तर वृत्तपत्र कोणाला नागरिक मानत होतं, कोणाला माल मानत होतं आणि कोणाला शोभेची वस्तू, याचं माप मिळतं. बातमीत काय सांगितलं यावर वाद घालता येतो. उल्लेख कसा केला यावर संपादकालाही वाद घालता येत नाही, कारण तो छापील असतो.

आता आपलं. मी तासभर सहाही जणींना 'त्या' म्हणत आले. मधे मधे मीही 'मुलगी' म्हणाले, 'बाई' म्हणाले, छायाचित्राबद्दल बोलताना 'एक जण चालत होती' म्हणाले. भाषा तशी ओढते. तुम्हाला कुठे खटकलं? माझा अंदाज, राणीला 'त्या' म्हटल्यावर नाही, टेलर यांना म्हटल्यावर थोडं, आणि पंधरा वर्षांच्या एकफर्ड यांना म्हटल्यावर सगळ्यात जास्त. लहान वयाला आपण एकेरी वापरतो, त्यात अपमान नसतो, असं तुम्ही म्हणाल. खरंही आहे. मग उद्याच्या मराठी वर्तमानपत्रात एक करून बघा. गुन्ह्याच्या पानावरचं 'ती' आणि पुरवणीतल्या मुलाखतीतलं 'त्या', दोघींची वयं पेनने बाजूला लिहा. वय सारखं निघालं आणि सर्वनाम वेगळं निघालं, तर मग ते लहान वयामुळे नव्हतं.

शेवटची एक माहिती देते आणि थांबते. एलिझाबेथ एकफर्ड पुढे अमेरिकी सैन्यात पाच वर्षं होत्या. आधी पगाराच्या कारकुनीत, मग माहिती विभागात. अलाबामातल्या फोर्ट मॅक्लेलन आणि इंडियानातल्या फोर्ट बेंजामिन हॅरिसन या तळांच्या वृत्तपत्रांसाठी त्यांनी लिखाण केलं. म्हणजे जिच्याबद्दल सगळ्या जगाने छापलं, तिने स्वतः काही काळ बातम्या लिहिल्या, आणि बातम्या लिहायच्या म्हणजे दुसऱ्यांची नावं लिहायची. ते अंक मिळाले तर मी सगळ्यात आधी मजकूर वाचणार नाही. त्यांनी साध्या शिपायाचा उल्लेख कसा केला आहे, ते बघेन.

प्रश्न असतील तर घेऊ या.